तिखटाचं पान

लीलाबाईंनी सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरली आणि गॅसच्या जाळावर फिरवली. कड काळी पडून तेल सुटलं, तशी ती ताटलीत आपटली आणि दुसरी उचलली. कांदे आधीच भाजून झाले होते. धूर खिडकीतून बाहेर जात होता, आणि जावाच, असं त्यांना वाटत होतं. इतके दिवस या घरातून धड फोडणीचासुद्धा वास गेला नव्हता. गल्लीला कळायला हवं होतं की अच्युतरावांच्या घरची चूल अजून जिवंत आहे.

"आई." सत्यजित स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "अजून वेळ आहे. मटण राहू दे ना. पनीर करू."

"का? बापाचा वाढदिवस आहे आज?"

"लोकांना चालेल. मी सांगतो सगळ्यांना."

"लोकांना चालेल रे. लोकांना काय, फुकटचं काहीही चालतं. जो गेला त्याला चालायला नको?"

सत्यजित दारातून हलला नाही. चौकटीवरचा रंगाचा पोपडा तो नखानं काढत राहिला.

"दार खरवडू नकोस. तुझ्या बापानं रंगवलंय. जा, बाहेर सतरंज्या घाल."

काल तेरावं झालं होतं, गोडाचं जेवण झालं होतं. आज तिखट. त्यांच्यात तिखट झाल्याशिवाय घराचा दुखवटा उतरत नसे. माहेरच्या माणसानं मटण आणायचं, घरच्या बाईनं रांधायचं, पहिलं पान गेलेल्याच्या नावानं वाढायचं आणि मग बाकीच्यांनी घास उचलायचा. अच्युतराव नोकरीसाठी नागपूर सोडून भोपाळला आले, गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात फिटरांचे फोरमन झाले, अशोका गार्डन वस्तीत हे घर बांधलं. या सगळ्यात लीलाबाईंनी पुष्कळ काही सोडलं, पण हा रिवाज सोडला नव्हता. सासू गेली तेव्हा केला, दीर गेला तेव्हा केला. नवऱ्याच्या वेळी पनीर? हे पोराच्या डोक्यातून आलेलं नाही, एवढं कळण्याइतकी अक्कल त्यांना चौथी नापास असूनही होती.

डोकं सुनेचं, सुरुचीचं. सुरुचीच्या माहेरी मांस खात नसत. लग्न झालं आणि सत्यजितनंही सोडलं. त्याला कोणी सोडायला सांगितलं नव्हतं म्हणे, आपोआप सुटलं. मिसरोदला त्यांनी फ्लॅट घेतला, त्या घरात आजवर अंडंसुद्धा फुटलं नव्हतं. "माझी मुलगी नाही, मुलगा सासरी गेला," असं लीलाबाई चारचौघांत सुनेच्या देखत सांगत, आणि सुरुची ऐकून घेत असे. ती ऐकून घेते याचाही त्यांना राग येई. बोलणाऱ्याला परत बोलणारं कोणी नसलं की बोलणं नुसतं भिंतीवर आपटतं.

आता ती ओट्याच्या दुसऱ्या टोकाला भाकऱ्या थापत होती. पीठ मळायला लागली ती सकाळपासून तिथून हलली नव्हती. मटणासाठी काढून ठेवलेल्या पातेल्याजवळ तेवढी येत नव्हती.

बाळूमामा मटण घेऊन आला. लीलाबाईंचा हा धाकटा भाऊ नागपूरहून कालच पोहोचला होता. घाम पुसत त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली.

"घे ताई. मागचा पाय आहे. नळीची हाडं वेगळी मागून घेतली, भाऊजींच्या पानासाठी."

"कवळं आहे का बघून घेतलंस, की खाटकानं दिलं ते उचललंस?"

"अगं, त्याला सांगितलं ना, किसके लिए है. त्यानं स्वतः निवडून दिलं."

लीलाबाईंनी पिशवी उघडली, दोन तुकडे बोटांनी दाबून पाहिले. काही बोलल्या नाहीत. म्हणजे चांगलं होतं. बाळू खूश होऊन बाहेर गेला.

मटण हळद-आल्यावर उकडलं, वाटण परतलं, तर्री वर आली. तोवर बाहेरची खोली भरली होती. कारखान्यातले दोघे-तिघे जुने सोबती, बाळू, गल्लीतल्या बायका. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या शोभाताई मदत करायला म्हणून आत आल्या आणि मोरीजवळच्या स्टुलावर बसून राहिल्या.

"काय वास सुटलाय हो," त्या म्हणाल्या. "अच्युतराव असते तर दोनदा आत डोकावून गेले असते."

"डोकावून? ते कधी डोकावले नाहीत. माझा नवरा खादाड नव्हता." लीलाबाईंनी पळीनं तर्री बाजूला सारली. "उलट रविवारी पानावर बसलं की पहिली नळी उचलून माझ्या पानात. मग दुसरी. मग चांगले चांगले तुकडे. तू खा, म्हणायचे, दमलीस. गेली दोन-तीन वर्षं तर एक फोड तोंडात घातली नाही त्यांनी, सगळं मला. सांगा, कुणाचा नवरा करतो?"

"कुणाचा नाही," शोभाताई म्हणाल्या. गेल्या काही दिवसांत हे त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं, आणि दर वेळी हेच उत्तर दिलं होतं.

सुरुचीच्या हातातली भाकरी परातीतच फाटली. तिनं गोळा मोडून पुन्हा मळायला घेतला.

"पाणी जास्त झालं असेल," लीलाबाई म्हणाल्या. "शोभाताई, तुम्ही पाणी नेऊन ठेवा बाहेर. पान वाढलं की हाक मारते."

शोभाताई तांब्या घेऊन गेल्या. लीलाबाईंनी फळीवरून अच्युतरावांचं ताट काढलं. जड, काठ असलेलं, कारखान्यानं दिलेलं. भात वाढला, भाकरी ठेवली, कांदा ठेवला, लिंबू ठेवलं. वाटीत रस्सा घातला आणि पातेल्यात तळाशी पळी फिरवून पहिली नळी वर काढली.

"आई, थांबा जरा."

"काय झालं?"

सुरुचीनं हात धुतले होते. ओले हात तिनं पदराला पुसले, मग स्वयंपाकघराचं दार लोटलं. बाहेरचा आवाज कमी झाला.

"बाबांच्या पानात मटण नका वाढू."

लीलाबाईंनी पळी खाली ठेवली नाही. "आता बोललीस. सकाळपासून नवऱ्याच्या तोंडून बोलत होतीस, आता स्वतःच्या तोंडानं बोललीस. बरं झालं. पण हे माझं घर आहे, सुरुची, तुझं मिसरोद नाही."

"माझ्यासाठी नाही म्हणत. बाबा खात नव्हते."

"काय खात नव्हते?"

"मांस. त्यांनी सोडलं होतं."

पळीतून रस्सा ओट्यावर ठिबकत होता. बाहेर कुणीतरी हसलं आणि जागेचं भान येऊन गप्प झालं.

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणाले. बुधवारी घरी यायचे ना आमच्या."

"बुधवारी ते कारखान्यातल्या लोकांकडे जायचे. पत्ते खेळायला."

सुरुचीनं नाही अशी मान हलवली.

"तुझ्याकडे यायचे?"

"जेवायला. सत्यजित ऑफिसात असायचा, पण त्यालाही माहीत होतं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती आम्हाला. आजही सत्यजित त्याचसाठी…" तिनं वाक्य तिथंच सोडलं.

लीलाबाईंनी नळी परत पातेल्यात सोडली. फडकं घेतलं आणि ओटा पुसू लागल्या, जिथे सांडलं होतं तिथे आणि जिथे सांडलं नव्हतं तिथेही.

"केव्हापासून?"

"तुमचा हात मोडला होता तेव्हापासून."

उजवा हात मनगटात मोडला होता, मोरीत पाय घसरून. गळ्यात हात अडकवून लीलाबाई खाटेवर पडून होत्या आणि अच्युतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाक केला होता. ते त्यांना आठवत होतं. करपलेला भात आठवत होता. भाजीत दोनदा पडलेलं मीठ आठवत होतं.

"त्या रविवारी मटण आणलं होतं म्हणे," सुरुची सांगत होती, सावकाश, जणू प्रत्येक शब्द ठेवण्याआधी जागा पुसून घेत होती. "धुवायला ते मागच्या नळावर बसले. तोवर कधी धुतलं नव्हतं. हातात घेतलं आणि… त्यांना जमेना. तुम्ही आतून बघत होतात. तुम्ही काहीतरी म्हणालात."

"काय म्हणाले मी?"

"जाऊ दे, आई."

"काय म्हणाले?"

"धुवायला हात कापतात, मग ओरपायला कसे कापत नाहीत?"

लीलाबाईंनी फडकं पिळलं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मागचा नळ, त्यावर वाकलेली पाठ, पांढरा बनियन. पाठ दिसत होती. आपला आवाज काही केल्या ऐकू येत नव्हता. त्या दिवसांत त्या खाटेवरून किती काय बोलल्या असतील, रोज, दिवसभर. दुखत होतं, आणि बोललं की कमी दुखायचं. त्यातलं हे एक.

"मग? राग आला त्यांना?"

"नाही. म्हणायचे, तुझी सासू बोलली ते बरोबर बोलली. मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर खाता येईना."

"आणि दर रविवारी मी जे वाढत होते ते?"

"तुकडे तुमच्या पानात टाकायचे. रस्सा थोडा खायचे. तोही जात नसे."

"मला सांगायला काय झालं होतं?" आवाज चढला, तसा लीलाबाईंनी तो दाराकडे बघून खाली घेतला. "मला वाईट वाटेल म्हणून?"

सुरुची पातेल्याकडे बघत राहिली. हो म्हणून टाकणं सोपं होतं. ती हो म्हणेल म्हणून लीलाबाई वाट पाहत होत्या, आणि हे दोघींनाही कळत होतं.

"नाही," सुरुची म्हणाली. "म्हणायचे, ती बोलेल."

जवळच्या रेल्वेलाइनवरून मालगाडी जात होती. ती बराच वेळ संपली नाही. फळीवरचे पेले एकमेकांना लागत राहिले.

दार ढकलून बाळूनं डोकं आत घातलं. "ताई, पान वाढ ना गं. लोकं हात धुऊन बसलीत."

"बसू दे."

"भूक लागली आहे सगळ्यांना."

"तुझ्या पोटाला कधी नव्हती? जा. त्यांचं शिजायचंय अजून."

"कोणाचं?" बाळूनं भरलेल्या पातेल्याकडे पाहिलं, मग बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दार ओढून घेतलं.

लीलाबाईंनी ताट उचललं. वाटीतला रस्सा पातेल्यात ओतला. भाताला लाल डाग लागला होता, तो भात काढून बाजूला ठेवला, भाकरी काढली. ताट मोरीत नेऊन घासलं, पालथं घालून निथळू दिलं. पाठ सुनेकडे ठेवूनच त्या बोलल्या.

"तुझ्याकडे काय खायचे?"

"साधंच. मुगाचं वरण, भात. वर लसणाची फोडणी."

"हिंग?"

"हिंग नको म्हणायचे."

लीलाबाईंनी मान हलवली. इतकी वर्षं या घरातल्या प्रत्येक वरणात हिंग पडला होता. डब्यांच्या फळीवर हात फिरवून त्यांनी मुगाच्या डाळीचा डबा काढला, झाकण उघडून बघितलं आणि सुनेपुढे ठेवला. मग मटणाचं पातेलं दोन फडक्यांनी धरून मोठ्या शेगडीवरून उतरवलं, खाली जमिनीवर ठेवलं, त्यावर झाकण घातलं.

"हो पुढे."

"मी?"

"मग कोण? मी केलं तर माझ्यासारखं होईल."

सुरुचीनं डाळ धुतली, कुकर लावला. लीलाबाई स्टुलावर बसल्या आणि लसूण सोलू लागल्या. मोडलेला तो हात अजून दुखायचा, सालं नीट निघत नव्हती. बाहेर बाळू कारखान्याच्या सोबत्यांना काहीतरी समजावत होता, सत्यजितचा आवाज ऐकू आला, मग तोही बंद झाला. शिट्ट्या झाल्या. सुरुचीनं वरण घोटलं, कढईत तेल तापवलं, लसूण लाल होऊ दिला, मिरची टाकली. खोबऱ्याच्या आणि तर्रीच्या दाट वासातून तो हलका वास आधी कळलाच नाही, मग कळला.

सुरुचीनं तळहातावर मीठ घेतलं आणि सवयीनं सासूपुढे हात केला.

"आई, एवढं पुरे ना?"

लीलाबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग लसणाची सालं गोळा करून ओच्यात घेतली आणि उठल्या.

"मला काय विचारतेस," त्या म्हणाल्या. "त्यांना किती लागायचं, ते तुला माहीत."