कुलदीपच्या खिशातली किल्ली

भुंगा एकच होता. एकच! पण त्यानं नवनाथला कानाच्या खाली, मानेवर असा काही डंख मारला की हातातला बांबू फेकून त्यानं “आई गं!” म्हणून बोंब ठोकली.

झालं असं, की मे महिन्यातल्या भर उन्हाच्या रविवारी कंपनीची आख्खी वेल्डिंग लाइन चाकणच्या वरच्या अंगाला, धरणाच्या काठी मटणपार्टीला आली होती. चुलीला जळण कमी पडलं, म्हणून नवनाथ एका पडक्या मांडवाचा वाळका बांबू पायाखाली घेऊन मोडत होता. त्या पोकळ बांबूत भुंग्याचं घर. घर मोडल्यावर तो काय नमस्कार करणार होता? नवनाथनं थाप मारून त्याला मानेवरच चिरडला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पोरं खो-खो हसली. “भुंग्यानं मुका घेतला रे भावा!” गणराज ओरडला. लाइनचा सुपरवायझर कुलदीप, भोसरीच्या जुन्या गावकीतला गडी, हसत पुढं आला. “लोखंड घासायचं त्याच्यावर, लगेच उतरतंय,” म्हणत त्यानं आपल्या जीपची किल्ली काढली, डंखावर खसाखसा घासली आणि परत खिशात टाकली.

ज्योतीरामही हसला. नवनाथ त्याचा मेव्हणा. स्वरूपानं, बायकोनं, हट्ट धरला म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यानंच त्याला बीडहून आणून कॉन्ट्रॅक्टवर चिकटवला होता. स्वतः तो फोर्कलिफ्ट चालवायचा. मेव्हण्याची मस्करी होत असली की दाजी आधी हसणारच.

दहा मिनिटांत हसू जिरलं. नवनाथच्या अंगावर गांधी उठल्या, तळहाताएवढ्या, लालबुंद. ओठ सुजले. डोळे बारीक झाले. तो गळा धरून खाली बसला. “दाजी, घशात कायतरी अडकल्यावानी व्हायलंय,” म्हणाला, आणि तो आवाज त्याचा राहिलाच नव्हता.

बस पोरांना सोडून परत गेली होती, ती चारला येणार. तिथं गाडी म्हणाल तर एकच, कुलदीपची जीप.

“कुलदीपभाऊ, किल्ली द्या. चाकणला दवाखान्यात नेतो याला.”

कुलदीपचा चेहरा बदलला. “थांब राव जरा. आमच्या गावात पोरांना रोज चावतात भुंगे. पाणी पाज, सावलीत निजव.”

आता यातली गोम सांगायला पाहिजे. कंपनीच्या गेटवर पाटी होती, बिनअपघात दिवसांची. या लाइनचे तीनशे एक्केचाळीस दिवस भरले होते. वर्ष पुरं झालं की सगळ्या लाइनला बक्षीस आणि कुलदीपला बढती. कंपनीची पार्टी, कंपनीची माणसं. दवाखान्यात नाव लागलं की आकडा शून्यावर! पोरंसुद्धा वर्षभर बोट कापलं तर फडकं गुंडाळून शिफ्ट काढायची, पण फर्स्ट एडला जायची नाहीत. अशी सवयच लागली होती मेल्यांना.

“अर्धा तास बघू,” कुलदीप म्हणाला. “न्हाई उतरलं तर मी स्वतः नेतो. चोवीस दिवस राहिलेत रे! सगळ्यांच्या पोटावर पाय देतो का?”

ज्योतीरामनं सगळ्यांकडं पाहिलं. जो तो चुलीकडं बघायला लागला. मागं नवनाथ श्वास ओढत होता आणि तो आत जात नव्हता, नुसती शिट्टी वाजत होती.

“किल्ली द्या.”

“न्हाई म्हणलं ना!”

मग ज्योतीरामचं डोकं फिरलं. मटणाच्या पातेल्यातला लोखंडी पळा त्यानं उपसला आणि उकळत्या रश्श्यासकट कुलदीपच्या थोबाडावर हाणला. कुलदीप गुरासारखा ओरडला, पण तोही तालमीत वाढलेला. त्यानं ज्योतीरामच्या छातीत लाथ घातली. ज्योतीराम पाठीवर चुलीत आदळला, पातेलं कलंडलं, त्याचा डावा पंजा निखाऱ्यात गेला. कातडी जळाल्याचा वास त्याचा त्यालाच आला. उठला तो तसाच आणि कुलदीपला घेऊन मातीत पडला. कुलदीप गळा आवळतोय, हा त्याच्या मनगटाला कडकडून चावतोय, तोंडात रक्त आलं तरी सोडत नाही! पकड सुटल्यावर त्यानं त्याच मनगटाला पीळ दिला आणि डोक्यानं कुलदीपच्या तोंडावर धडक मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा काहीतरी मोडलं. कुलदीप दात थुंकत कुशीवर वळला, तेव्हा ज्योतीरामनं त्याचा खिसा फाडून किल्ली काढली.

“उचल रे त्याला, का बघत बसतोस मुडद्या!” तो गणराजवर खेकसला.

गणराजनं नवनाथला मागच्या सीटवर घेतलं. ज्योतीरामनं भाजल्या हातानंच स्टिअरिंग धरलं. चाकणच्या चौकात नेहमीसारखी कंटेनरची रांग. त्यानं जीप उलट्या बाजूनं घातली, एका टेम्पोचा आरसा उडवला, शिव्या खाल्ल्या, शिव्या दिल्या. “श्वास घे लेका! घे रे!” मागं न बघता तो ओरडत होता. गणराज मागं ढसाढसा रडत होता. नवनाथचे ओठ काळेनिळे पडले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. अर्धा तास ज्योतीराम भिंतीला टेकून उभा होता. हाताला पट्टी बांधू द्यायलाही तयार नव्हता. शेवटी नवनाथची छाती नीट वरखाली व्हायला लागली, तेव्हा कुठं तो खाटेच्या कडेला बसला. वाचला. स्वरूपाचा भाऊ वाचला.

संध्याकाळी नवनाथनं डोळे उघडले, मास्क बाजूला केला. ज्योतीराम खाली वाकला.

“दाजी,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “डॉक्टरला सांगा, खोलीवर चावला म्हणून. पार्टीचं नाव घेऊ नका. लाइनचे दिवस जातील.”

ज्योतीरामनं त्याला खाडकन एक ठेवून दिली. सुजलेल्या गालावर. नर्स किंचाळत धावली. “अरे, मेला असतास की रे!” ज्योतीराम ओरडला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

नवनाथ गाल धरून पडला होता. दाजीची शर्टाची बाही ओढत तो पुन्हा पुन्हा विचारत होता, “सांगाल ना दाजी? सांगाल ना?”