निळ्या पट्ट्यांचा घरधनी

मी नॉर्वेच्या खडकाळ किनाऱ्यावरचा मासा बोलतोय. लांबी वितीहून कमी, अंगावर निळे पट्टे, स्वभाव संशयी. आमच्यात घरटं बाप बांधतो आणि अंडीही तोच राखतो. समुद्रशेवाळाचा एकेक धागा तोंडाने आणून मी कपारीत घरटं केलं, त्यात अंडी आली. शेजारी सगळे सभ्य; फक्त मी पाठ फिरवली की त्यांना भूक लागते.

जूनमधल्या एका सकाळी घरट्यासमोरच पिंजरा उतरला. आत कोळंबीचा वास. मला हाव नव्हती. इतक्या जवळ राहायला कोण आलं, याची चौकशी करायला मी आत शिरलो. चौकशी लांबली, कारण बाहेर पडायची वाट सापडेना.

वर होडीत गुन्वोर आणि तिचा दीर ओस्मुंद. मापात बसणारे मासे सॅमन मासे पाळणाऱ्या शेतीवाल्यांकडे जिवंत जातात. तिथे जन्मभर त्या धिप्पाडांच्या अंगावरच्या उवा वेचायच्या. आखूड मासे परत समुद्रात. ओस्मुंद ते बादलीत साठवायचा आणि शेवटी धक्क्याजवळच्या पाण्यात एकदम ओतायचा.

"अरे, जिथून काढला तिथेच सोड की."

"वहिनी, पाणी सगळीकडे खारटच."

"उद्या तुला परक्याच्या दारात उतरवते. घरं सगळी लाकडाचीच."

"कॉफी मिळणार असेल तर उतरेन."

तिने मला पट्टीवर ठेवलं. ओस्मुंद वाकला. "बसतोय मापात. टाक टाकीत."

"रंग बघ त्याचा. घरी अंडी असणार."

"त्याने सांगितलं तुला?"

"बाप्ये कधी सांगतात? आपणच ओळखायचं."

आणि तिने मला तिथल्या तिथे पाण्यात सोडलं.

आता फुकट उपकार कोण करतं? ही माझ्या मागावर राहून घरटं शोधणार, अशी माझी खात्री झाली. म्हणून सरळ घरी न जाता मी खडकाला वळसा घातला. मग दुसरा. होडी केव्हाच निघून गेली होती; तरी खबरदारी म्हणून तिसरा.

पोचलो तेव्हा शेजारी माझ्या घरट्यात जेवत होते. निम्मी अंडी संपली होती.

उरलेल्या अंड्यांवरून मी आता दिवसभर परांनी पाणी खेळवतो, तिथून हलत नाही. होडीवाल्यांनो, आम्हाला सोडायचं असेल तर उचललं तिथेच आणि लगेच सोडा. उशीर करायला आमचा संशय पुरेसा आहे.