सात नंबरची दोरी

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, की जिला जाता-येता हात लावून लोक पुण्य पदरात पाडून घेतात. शाळेतलीही नव्हे, जिच्या आवाजावर पोरं उड्या मारतात. मी इंग्लंडातल्या ग्रिम्सबी गावच्या हॉथॉर्न हाउस नावाच्या वृद्धाश्रमाची घंटा. मला ज्यानं वाजवलं, त्यानं घाबरूनच वाजवलं. उभा जन्म दुसऱ्यांच्या भीतीवर काढल्यावर माझा स्वभाव भित्रा झाला, तर त्यात नवल ते काय?

मुठीएवढी पितळी वाटी, तिच्यावर आपटणारा इवलासा हातोडा, आणि खाली बारा खोल्यांच्या नंबरांची लाकडी पाटी, एवढाच माझा संसार. प्रत्येक खोलीच्या न्हाणीघरात एक लाल दोरी लोंबायची. ती ओढली की मी वाजायचे आणि पाटीवर नंबर दिसायचा. मग पांढऱ्या चपला फटफटत कुणीतरी धावायचं.

सात नंबरात व्हिटलॉकबाई राहायच्या. त्या किती वाजले हे विचारायलाही दोरी ओढत. नर्सा वैतागायच्या, "आल्या पुन्हा राणीसाहेब!" पुढं खर्चाला कात्री लागली, माणसं कमी झाली. एका संध्याकाळी सात नंबर वाजला. मी वाजत राहिले, वाजत राहिले, आणि सगळ्यांची जेवणं आटोपेपर्यंत कुणी फिरकलंच नाही. बाई न्हाणीघरात पडल्या होत्या. त्या पुन्हा उठल्या नाहीत. तेव्हापासून माझ्या मनात एकच धास्ती बसली, आपण वाजावं आणि कुणी येऊ नये.

मग वृद्धाश्रम बंद पडला. माझी वायर काढून टाकली. रिकाम्या घरात चोर आले, तांब्याचे पाइप उपटून घेऊन गेले. एकानं टॉर्चचा उजेड माझ्यावर टाकला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. "जाऊ दे, हिचं काय येणार," म्हणाला. अपमान झाला, पण जीव वाचला.

चोरांच्या भीतीनं मालकानं एका कंपनीला गाठलं आणि कंपनीनं राखणदार आणून ठेवले. राखणदार म्हणजे काठीवाले नव्हेत. साधी, घर परवडत नसलेली माणसं. त्यांनी कमी भाड्यात इथं राहायचं, दिवे लावायचे, वावर दाखवायचा आणि कंपनी म्हणेल तेव्हा चार आठवड्यांत चंबूगबाळं आवरायचं. मेणबत्ती नको, मांजर नको, भिंतीत खिळा नको, वायरिंगला तर हातच लावायचा नाही. एक नियम मोडला की बाहेर.

तिघं आली. बेव्ह शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेली, घटस्फोटानंतर बहिणीच्या सोफ्यावर दिवस काढलेली बाई. युस्तिना पोलंडची, मासळीच्या कारखान्यात कामाला. आणि एरॉल, बसडेपोतला जुना वायरमन, साखरेच्या आजारानं लवकर घरी बसलेला. त्याच्या वाट्याला नेमकी सात नंबरची खोली आली. मला ते मुळीच आवडलं नाही.

राखणदार म्हणायचे, पण तिघंही एकमेकांनाच भ्यायची. दुसऱ्याचं दार वाजलं की आपल्या दाराला कडी. स्वयंपाकघरात कुणी नाही याची चाहूल घेऊन चहा करायचा आणि कप छातीशी धरून पळायचं. भूत परवडलं, निदान ते समोर तरी येतं!

हिवाळ्यात इथं चारलाच अंधारतं. अशाच एका दुपारी मागची खिडकी फुटली. बेव्ह एकटी होती. ती न्हाणीघरात शिरली, आतून कडी लावली आणि समोर दिसली ती लाल दोरी ओढत बसली. मुकी मी भिंतीवरून बघत होते. तेवढ्यात युस्तिना कामावरून आली, दिवे लागले आणि चोर पळाले. मागोमाग एरॉलही औषधं घेऊन आला.

"वेड्यासारखी दोरी ओढत होते रे मी!" बेव्ह म्हणाली. "मेले असते तरी कुणाला पत्ता लागला नसता."

एरॉल आधी हसला. मग बेव्हकडे पाहून शिडी घेऊन आला.

"वायरिंगला हात लावायचा नाही," युस्तिनानं बजावलं.

"मी कुठं लावतोय? पकड लावतेय," एरॉल म्हणाला आणि त्यानं मला नवी वायर जोडली.

बेव्ह खोल्याखोल्यांतून फिरली. झाडलोट करणाऱ्यांनी ओल्या होऊ नयेत म्हणून दोऱ्या गाठी मारून वर बांधल्या होत्या. तिनं एकूण एक गाठ सोडली. "पडलेल्या माणसाचा हात कुठवर पोचतो, एवढी अक्कल नको?" ती पुटपुटत होती.

मग तिघांनी ठरवलं, तीनदा वाजली तर धावायचं. दोनदा म्हणजे कंपनीचा तपासनीस आला. आणि एकदा म्हणजे चहा तयार आहे.

पहिल्यांदा मी एकदाच वाजले तेव्हा सवयीनं धसकले. पण माणसं हसत आली. बटाट्याच्या सुपाचा वास सुटला. बेव्ह म्हणाली, "किती वर्षांनी कुणासाठी तरी रांधलं!" रविवारी युस्तिना कोबीचे रोल करू लागली, एरॉल त्यांना नावं ठेवत चार-चार खाऊ लागला. घराला घरपण आलं. आणि तेव्हा माझी भीती दुप्पट झाली, कारण आता गमवायला काहीतरी होतं.

तपासनीस प्रॉक्टर न सांगता यायचा. त्याच्या बुटांची करकर ऐकली की माझा हातोडा लटलटायचा. फेब्रुवारीत तो असाच आला. युस्तिनानं खिडकीतून पाहिलं आणि दोनदा दोरी ओढली. बेव्हनं धावत येऊन माझ्यावर कोट टांगला.

"कोटामागं काय आहे?" प्रॉक्टरनं विचारलं.

"भिंत, साहेब. कोटामागं भिंतच असते."

तो कोटाकडे बघत राहिला. आणि त्याच क्षणी मला आतून झटका बसला. सात नंबर!

वाजले तर तिघंही रस्त्यावर. नाही वाजले तर पुन्हा तेच. पण घंटेच्या हातात काय असतं? मी वाजले. एकदा. दोनदा. मग खूप वेळानं, अगदी क्षीण, तिसऱ्यांदा.

बेव्हनं तपासनिसाकडे पाहिलंही नाही. त्याला बाजूला ढकलून ती धावली. वरून युस्तिना धावली. एरॉल न्हाणीघरात आडवा पडला होता, घामानं भिजलेला, दोरीचं टोक मुठीत. "साखर आणा, साखर!" बेव्ह ओरडली, आणि करकरणारे बूट स्वयंपाकघराकडे पळाले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एरॉलचं डोकं प्रॉक्टरच्या मांडीवर होतं. "आम्ही आहोत रे राजा," बेव्ह सारखी म्हणत होती.

जाताना प्रॉक्टर माझ्यासमोर थांबला. कोट खाली पडला होता. नवी वायर त्याला लख्ख दिसत होती. त्यानं फोनवर काहीतरी लिहिलं आणि गेला.

एरॉल बरा होऊन आला. पाठोपाठ नोटीस आली, इमारत पाडायची आहे, चार आठवड्यांत निघा. माझ्यामुळे का? बेव्ह माझ्यावरची धूळ पुसत म्हणाली, "तुझा काही दोष नाही गं." पण प्रॉक्टरनं काय लिहिलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

तिघांनी कंपनीच्या मागं लकडा लावून एकत्र जागा मिळवली. इमारतीतली वस्तू न्यायला बंदी होती. एरॉलनं मला तरीही भिंतीवरून उतरवलं. बेव्हनं किटलीवर घालायच्या लोकरी टोपीत मला गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलं. दारात प्रॉक्टर किल्ल्या घ्यायला उभा. बेव्हची पिशवी उंबऱ्याला लागली आणि माझा मेला हातोडा वाटीवर आपटला. टिंग!

प्रॉक्टरनं पिशवीकडे पाहिलं.

"एकदा म्हणजे चहा ना?" तो एरॉलकडे बघत म्हणाला. "ॲम्ब्युलन्सची वाट बघताना सांगितलं होतं यानं." आणि त्यानं दार उघडून धरलं.

आता आम्ही एका बंद पडलेल्या वाचनालयात असतो. मला पुस्तकांच्या रिकाम्या फळीवर बसवलंय. तिघांच्या उशाशी एकेक बटण आहे. इथूनही एक दिवस निघावं लागेल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या शेजारीही असं कुणीतरी बंद दाराआड असेल. गाठ मारून वर बांधलेली एखादी दोरी दिसली, तर तेवढी सोडा.

आज अंधार पडलाय. बेव्हनं आधण ठेवलंय. एरॉल दुपारी जरा पडतो म्हणून खोलीत गेला, तो अजून उठलेला नाही. "आज त्यालाच बोलावू दे चहाला, त्याची पाळी आहे," म्हणत बेव्ह माझ्याकडे बघतेय. युस्तिनाही बघतेय. मी श्वास रोखून बसलेय.

वाजू दे. पण एकदाच वाजू दे.