डेलकोवरचा लाल धागा

"पडला! पडला! तिथंच पडला!"

कुस्तीत कुणी चीत व्हावं तशी आरोळी उठली. बँड थांबला, नाचणारी पोरं थांबली, आणि झेंडूच्या माळांनी मढवलेला ट्रक दोनदा खोकून चढावर गप्प उभा राहिला. नेमका धनीबाईच्या दारात.

शेलूबाजारच्या रामरावांचा हा जुना पेट्रोल ट्रक. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावातून आणलेला, गोल नाकाचा. माल वाहणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. आता त्याचं काम एकच, लग्नसराईत नवरानवरीला बसवून टेकडीवरच्या मारुतीच्या दर्शनाला नेणं. वरात स्टँडावरून निघायची, बँडच्या मागे दीड तास मुंगीच्या पावलानं रांगायची, मग टेकडीचा चढ लागायचा. आणि चढाच्या शेवटच्या वळणावर, धनीबाईच्या चहाच्या हॉटेलासमोर, इंजीन मान टाकायचं. या उन्हाळ्यातलं हे चौथं लग्न. चारही वेळा तेच दार. एरवी रिकामा ट्रक टेकडी चढला तर कधी खोकतही नसे.

गर्दी दुभंगली आणि गाडीनाथ महाराज आले. कपाळाला भस्म, गळ्यात रुद्राक्ष, आणि रुद्राक्षांच्या मधोमध एक जुना स्पार्क प्लग.

"हा ट्रक नाई बाप्पा, हा लोखंडाचा नंदी आहे!" महाराज गरजले. "नंदीले नजर लागली. विधवेची नजर! नवरी दिसली का हिचा जीव जळते, अन् तो जाळ सरळ पिस्टनात जाते!"

जाळ पिस्टनातच असायचा असतो, नाहीतर इंजीन चालेल कसं, हे तिथं फक्त एका माणसाला ठाऊक होतं. तो हॉटेलच्या बाकड्यावर थंड झालेला चहा धरून बसला होता. गुलाम नबी मिस्त्री. चाळीस वर्षं या ट्रकची देखभाल त्याच्याकडे. पॉइंटवर चालणारं पेट्रोल इंजीन समजणारा आसपास दुसरा कुणी उरला नव्हता, आणि मिस्त्रीला त्याचा भारी तोरा होता.

महाराजांनी बॉनेट उघडायला लावलं. तीर्थात भिजवलेलं फडकं करंट वाढवणाऱ्या कॉइलवर ठेवलं. मग "दैवी काम उघड्यावर होत नाई" म्हणून अंगावरची शाल पसरली आणि शालीच्या आत हात घालून, मागच्या वेळचा धागा सोडून, डेलकोचं टोपण काढलं. डेलको म्हणजे इंजिनाच्या कुशीतली ती वाटीएवढी डबी, जिच्यातून प्लगांना करंट वाटला जातो. महाराजांनी आत "दृष्ट पुसली", तुपात कालवलेला अंगारा बोटानं लावला, टोपण बसवलं आणि त्यावर लाल धाग्याचे सात वेढे घातले. वीस मिनिटं आरती झाली.

"हां, मार सेल्फ!"

ट्रक चालू झाला. बाया रडायला लागल्या, माणसं पाया पडली. मिस्त्री मात्र महाराजांच्या अंगठ्याकडे पाहत होता. शालीच्या आतून टोपणाच्या दोन्ही क्लिपा एका झटक्यात उडाल्याचा टिक्-टिक् आवाज त्यानं ऐकला होता. हिमालयात तप करून अंगठ्याला असं वळण लागत नाही. ते लागतं क्लीनरकी करून.

पण बोलला का? नाही बोलला. त्याच मारुतीच्या पारावर त्याच दिवशी जाणत्यांनी ठरवलं: पुढचं लग्न खुद्द रामरावांच्या मुलीचं, निताचं आहे. त्या वरातीत ट्रक पुन्हा तिथं बंद पडला, तर धनीबाईचं हॉटेल उचलायचं आणि बाईनं गाव सोडायचं. तेव्हाही मिस्त्री खाली मान घालून उभाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनीबाई त्याच्या गॅरेजात आली. तिचा नवरा रूपला याच ट्रकचा ड्रायव्हर होता. रूपला चालवायचा आणि नबी दुरुस्त करायचा. दोघांनी एका डब्यात भाकर खाल्लेली. रूपलाला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"नबीभाई, खरं सांगा," ती उभ्याउभ्याच म्हणाली, "माह्या नजरेनं इंजीन बंद पडते?"

"तौबा! असं कुठं असते काय, भाभी?"

"मंग काहून पडते?"

मिस्त्रीनं सांगायला सुरुवात केली. कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, कॉइल नवी टाकली...

"अन् त्या धाग्याच्या आत?"

मिस्त्री हातातला पाना पुसायला लागला.

"ते नाई उघडलं?"

"तो तुमच्या लोकाइच्या देवाचा धागा, भाभी. मी मुसलमान मानूस. म्या तोडला अन् उद्या काही झालं तर? अदब बी असते ना काही."

"वा रे तुमची अदब!" धनीबाई भडकली. "तुमी धाग्याची इज्जत राखली अन् माही गेली! चार लग्नं झाले, पोरंसोरं मले चेटकीन म्हनून राह्यले. हॉटेलात कुत्रं येत नाई चहा प्यायले."

आत हिशेबाच्या खुर्चीवर मिस्त्रीची नात कशिश बसली होती. वाशीमला पॉलिटेक्निकला शिकणारी, सुटीला आलेली. ती म्हणाली, "मावशी, बाईले चेटकीन म्हननं गुन्हा आहे. जादूटोणाविरोधी कायदा आहे. तक्रार करू."

"करीन ना. पन कायद्यानं पोलीस येईन, माय. गिऱ्हाईक नाई येनार."

मिस्त्रीला लाज वाटली. त्यानं फोन करून रामरावांना ट्रकसकट बोलावून घेतलं आणि म्हणाला, "धागा सोडा. मले आत पाह्यचं आहे."

"मी नाई हात लावनार बाप्पा!" रामराव दोन पावलं मागे सरले. "पोरीचं लग्न आहे. तुमी तोडा."

"मी कसा तोडू?"

दोन बाप्ये एका दोऱ्यापुढे हात चोळत उभे राहिले. धनीबाईनं बाकावरचं करवतीचं पातं उचललं आणि बॉनेटमध्ये वाकून सातही वेढे एका ओढीत कापले.

"माह्यावर तं आळ आलाच आहे. अजून काय होईन?"

काही झालं नाही. गॅरेजच्या पत्र्यावर कावळा ओरडला, तो रोजच ओरडत असे.

मिस्त्रीनं टोपण काढलं आणि कपाळावर हात मारला. आत तूपच तूप. राखेचा काळा चिखल, आणि त्यात जळून खड्डे पडलेले पॉइंट. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चाळीस वर्षांच्या मिस्त्रीनं इंजिनाचा प्रत्येक नटबोल्ट तपासला आणि जी डबी आधी उघडायची, तीच सोडली.

"पाहा रामराव," त्यानं पान्याचं टोक लावून दाखवलं. "हे दोन लहानसे दात. हे म्हंजे पॉइंट. हे उघडतात, मिटतात, तवा प्लगले ठिनगी भेटते. महाराजानं याइच्या वर, फिरत्या दांड्यावर तूप लावलं. तूप थंडं आहे तोवर चिकटून राह्यते. दीड तास वरात रांगली, इंजीन तापलं, का तूप पातळ होते अन् उडून दातात जाते. चढावर जोर पडला का ठिनगी खल्लास!"

"मंग महाराजाच्या हातानं चालू कसं होते?"

"पुसते ना तो! दृष्ट पुसते म्हनते, ते तूप पुसते. ओल्या फडक्यानं कॉइल थंडी करते. अन् जाता जाता पुढच्या लग्नाचं तूप लावून जाते!"

"अन् पहिल्यांदा पडला तवा? तवा तं अंगारा नव्हता."

"तवा जुनी कॉइल तापली होती. हा महाराज पहिले कोन्या ट्रकचा क्लीनर होता, त्याचा अंगठाच सांगते. तो तिथं चहा पीत बसला होता, त्याले इलाज ठावा होता. त्या दिवशी तो महाराज झाला."

रामरावांना पटलं. अर्धं पटलं. अर्ध्यानं ते म्हणाले, "तुमचं खरं असन मिस्त्री. पन लग्नाच्या सकाळी अंगारा तं लागनारच. आमची मायबहीन ऐकनार नाई, पारावरचे ऐकनार नाई. अंगारा लावून ट्रक चालवून दाखवा, तं मानतो."

हा पेच होता. पॉइंट कितीही साफ केले तरी तुपापुढे त्यांचं काय चालणार? धनीबाईचं घरदार त्या दोन दातांमधल्या फटीत अडकलं होतं.

"पॉइंटच काढून टाका, दादाजान," कशिश म्हणाली. "मी मागच्या वर्षीपासून सांगून राह्यली, इलेक्ट्रॉनिक बसवा म्हनून. दांड्यावर चुंबकाचं कडं, बाजूले एक काळी डबी. चुंबक समोरून गेलं का डबीले समजते, अन् डबी ठिनगी सोडते. कशाचा कशाले धक्का नाई. तूप लागो, नाईतर श्रीखंड."

आणि हेच मिस्त्री वर्षभर टाळत होता. पॉइंटची फट तो करवतीच्या पात्यानं मापायचा, मग बॉनेटवर कान टेकून डोळे मिटायचा. लोक म्हणत, नबीच्या कानात काहीतरी आहे. काळ्या डबीला कानाची गरज नव्हती. 'मी तरी वेगळं काय करत होतो?' त्याच्या मनात आलं. 'मलाही कुणी विचारू नये, नुसतं थक्क होऊन पाहावं, हेच आवडत होतं.' हा विचार त्याला काट्यासारखा टोचला.

"मागव," तो म्हणाला.

मिस्त्रीचा मुलगा अल्ताफ सुट्या भागांचा धंदा करायचा. त्यानं सामान मागवलं. मिस्त्रीनं आपल्या हातानं पॉइंट उतरवले, कडं चढवलं, काळी डबी बसवली, वर करंट वाटणारा रोटर ठेवून टोपण लावलं आणि त्यावर पूर्वीसारखाच लाल धागा गुंडाळला. बाहेरून काही फरक कळत नव्हता. सेल्फ मारताच पहिल्याच हिसक्यात इंजीन असं सुरात लागलं की मिस्त्रीचा कान सवयीनं बॉनेटकडे गेला आणि करण्यासारखं काहीच नसल्यानं परत आला.

लग्नाच्या सकाळी महाराजांनी शाल पसरून अंगारा लावला आणि पुन्हा धागा बांधला. पोरगी मालकाची, म्हणून तूप चांगलं दुप्पट. बोटाला पॉइंटऐवजी काय लागतंय ते पाहायचं तर शाल दूर करावी लागली असती. स्वतःच्याच शालीनं त्यांचे डोळे झाकले होते. मग ते टेकडीच्या शेवटच्या वळणावर जाऊन तयारीत उभे राहिले. तीर्थ, फडकं, आरतीचं ताट, सगळं सज्ज.

वरात दीड तास रांगली. चढ आला. वळण आलं. सगळ्यांचे डोळे धनीबाईच्या दाराकडे. ती दारातच उभी होती, पदर खोचून, आणि तिच्या शेजारी मिस्त्री.

ट्रक खोकला नाही. धप्-धप् करत सरळ वर निघाला. तेवढ्यात महाराज ताट घेऊन आडवे धावले आणि ड्रायव्हरला ब्रेक मारावा लागला.

"पडला!" कुणीतरी ओरडलं.

"कुठं पडला बे? इंजीन चालू आहे. महाराज आडवे आले!"

महाराज क्षणभर गोंधळले. पण अशा माणसाची जीभ त्याच्याआधी सावरते. "चालनारच! काल म्या सूक्ष्म देहानं येऊन बंधन काढलं. आता फक्त या बाईले हटवा, नाईतर नवरीच्या संसाराले—"

आणि लोकांचे हात महाराजांपुढे जोडले जायला लागले की! ट्रक चालला तरी बाई जाणारच होती.

"थांबा," तो मोठ्यानं म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो गर्दीपुढे बोलत होता. "हातच्या काकनाले आरसा कायले पाह्यजे? कशिश, आन ते."

हॉटेलच्या बाकड्यावर बॅटरी, एक कॉइल आणि ट्रकातून काढलेले जुने पॉइंट मांडले होते. मिस्त्रीनं पॉइंट बोटानं उघडले, वायरच्या टोकाला निळी ठिणगी तडकली. मग त्यानं महाराजांच्याच ताटातला अंगारा उचलून पॉइंटांत भरला. उघडले, मिटले. काही नाही. पुन्हा. काही नाही.

"भाभी, आता तुमी पुसा."

धनीबाईनं पदराच्या टोकानं पॉइंट पुसले आणि बोटानं उघडले. तड्! निळी ठिणगी.

"म्या कोनता मंतर म्हनला?" तिनं गर्दीला विचारलं. "बोला ना! कोनता म्हनला?"

रामरावांनी ट्रक बंद करायला लावला आणि स्वतः डेलकोचा धागा तोडून टोपण उघडलं. सकाळचं तूप वितळून आत थेंब थेंब गळत होतं. त्यांनी सगळ्यांना वाकून पाहायला लावलं, टोपण तसंच परत बसवलं आणि सेल्फ मारायला सांगितलं. ट्रक चालू झाला. महाराजांना तेवढ्यात समाधीची वेळ आठवली. ताट तिथंच ठेवून ते लगबगीनं चढ उतरले.

आता तरी लोक शहाणे व्हावेत की नाही? एक म्हातारा पुढं आला आणि काळ्या डबीकडे पाहून म्हणाला, "यंत्र लय जागृत आहे बाप्पा. नारळ फोडा."

"खबरदार!" मिस्त्री ओरडला. "अहो, हे बी एक दिवस खराब होईन. तवा नवं टाकायचं. नारळ खाऊन घ्या तुमी. अन् ऐका, चूक माही बी आहे. म्या चार लग्नं ते टोपन उघडलं नाई. अदब म्हनलं, खरं तं भेव होतं. माह्या भेवापायी ही बाई उठनार होती."

रामराव धनीबाईपुढे हात जोडून म्हणाले, "चुकलं, बाई."

"इथं नोका म्हनू," धनीबाई म्हणाली. "चेटकीन कुठं ठरवली मले? पारावर. चला पारावर, अन् तिथं म्हना. सगळ्याइनं म्हना."

आणि वरात तशीच पारावर गेली, पुढे धनीबाई, मागे ट्रक. जाणत्यांनी माना खाली घालून शब्द मागे घेतले. निता नवऱ्याचा हात सोडून ट्रकवरून उतरली आणि पहिली धनीबाईच्या पाया पडली.

वाचकहो, तुमच्या गावातही काहीतरी बंद पडत असेल. मोटार असेल, विहिरीचा पंप असेल, नाहीतर एखाद्याचं नशीब. तिथंही कुणी शाल पसरून म्हणेल, आत पाहू नका. तेव्हा आधी आतच पाहा. बॉनेट उघडा, टोपण काढा, येत नसेल तर शिकलेल्याला विचारा. समोर दार कोणाचं आहे, ते मात्र पाहू नका.