दोन काळ्या चकत्या

जरा नाक पुढे करा, मी बोलतेय. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासताना तुमच्या नाकावर जी जड, गोल, बाजूला स्क्रू असलेली फ्रेम चढवतात ना, तीच मी. मला घालून आजवर कोणीही देखणं दिसलेलं नाही. भले भले रुबाबदार लोक मला घालून समोरच्या आरशात बघतात आणि मुकाट्याने मान वळवतात.

माझा जन्म कारखान्यातला. एका कारागिराने माझ्या दोन्ही बाजूंना काचा बसवायच्या खाचा पाडल्या, नाकाशी छोटं चाक लावलं आणि मला लाकडी पेटीत निजवलं. पेटीत माझी दोनशेवर भावंडं होती, सगळी काचेची. शिवाय दोन काळ्या चकत्या. एक डोळा तपासायचा तर दुसऱ्यावर चकती घालून तो झाकतात, एवढंच त्यांचं काम. पण तोरा काही विचारू नका.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते नंबरबाईंनी. शेजारच्या मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं, आणि पुढे मालकही तसंच म्हणू लागले. तेव्हा बाई नव्या होत्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर मला ठेवताना आधी माझी दांडी तळहातात धरून ऊब द्यायच्या, म्हणजे गार लागू नये. काच बदलली की विचारायच्या, "आता बरं, की आधीचं बरं?" आणि उत्तर ऐकायला खरंच थांबायच्या.

पुढे एकवीस वर्षं तोच प्रश्न. दिवसाला तीस नाकं धरलीत तर किती वेळा झाला, ते तुम्हीच बघा. हळूहळू बाई उत्तराच्या आधीच पुढची काच उचलू लागल्या. माणूस आला की "बसा", गेला की "पुढचे". प्रश्न विचारता विचारता जांभई देण्याची कला त्यांनी इतकी साधली होती की गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई फार प्रेमाने तोंड उघडून बोलतात. सरळ सांगायचं तर बाई पाट्या टाकत होत्या.

मग एके दिवशी त्यांनी जाड, चांगल्या कागदावर राजीनामा लिहिला. तारखेची जागा मोकळी ठेवली आणि तो माझ्या पेटीत, मखमलीच्या खाली सरकवला. म्हणजे मी रोज त्यांच्या राजीनाम्यावर झोपायची. त्यांच्या धाकट्या बहिणीने रोपवाटिका काढली होती. ती फोन करायची, "ताई, कधी सोडतेस? इथे निदान झाडं तरी वाढताना दिसतात गं." बाई म्हणायच्या, "या महिनाअखेर नक्की." मला वाईट वाटायचं. बोलता येत नाही म्हणून गप्प बसायची, एवढंच.

अशाच एका महिनाअखेरीला बसवाले काका आले. शाळेची बस चालवायचे. दरवर्षी डोळे ठीक असल्याचा कागद त्यांना बाईंच्या सहीने लागायचा. बाईंनी मला त्यांच्या नाकावर ठेवलं, डाव्या डोळ्यावर चकती घातली, उजव्याने भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून घेतला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. फोन खांद्याशी दाबून बाईंनी दुसरी चकती उजव्या डोळ्यावर घातली, आणि डावीकडची काढायची राहूनच गेली. आता काकांच्या दोन्ही डोळ्यांपुढे मिट्ट अंधार.

"शेवटून दुसरी ओळ वाचा," बाई म्हणाल्या.

काकांच्या नाकाला दरदरून घाम फुटला. मी घसरायला लागले. पण काकांनी खाकरून वाचलं, "र, ग, थ, म, ळ." एके ठिकाणी तर जरा अडखळल्याचं नाटकही केलं.

"छान," बाई म्हणाल्या, फोन ठेवला, सही करायला पेन उचललं आणि दुसऱ्या हाताने मला काढलं. मी त्यांच्या तळहातावर पडले, दोन्ही डोळे काळे घेऊन. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काका, तुम्ही वाचलंत कशातून?"

काका खाली मान घालून बसले. "पाठ आहे हो बाई. नऊ वर्षं हाच तक्ता. बाहेर बाकावर बसून घोकतो आणि मग आत येतो."

"अहो, पण समोर अंधार होता! बोलायचं तरी!"

"मला वाटलं, डावा डोळा गेला. आधीच अंधूक होता, आज पुरता गेला. म्हटलं, आता बस गेली हातची."

"चाळीस मुलं असतात ना त्या बसमध्ये?"

"त्रेचाळीस."

बाई पेन ठेवून स्टुलावर बसल्या. नऊ वर्षं त्या सह्या देत होत्या. काकांवर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कशाच्या जोरावर? काका न बघता वाचत होते आणि बाई न ऐकता ऐकत होत्या. त्यांना एवढी लाज वाटलेली मी कधी पाहिली नव्हती.

मग त्या उठल्या. जुनं कॅलेंडर उलटं करून त्यावर मार्करने नवी अक्षरं काढली आणि काकांना पहिल्यापासून तपासलं. बाहेर रांग कुरकुरली. मालक दोनदा डोकावून गेले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. बाईंनी सही दिली नाही, डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. काका रागावून गेले. दोन महिन्यांनी मात्र शस्त्रक्रिया करून परत आले, नवा तक्ता घडाघडा वाचला आणि म्हणाले, "बाई, आता मागच्या आरशात पोरांची तोंडं दिसतात. कोण खोड्या काढतं ते कळतं." बाईंनी त्या दिवशी माझी दांडी तळहातात धरून पुन्हा ऊब दिली.

तेव्हापासून दर महिन्याला तक्ता बदलतो. आणि मला चढवण्याआधी बाई विचारतात, "तुम्हाला काय बघायचंय?" एका आजींना सुईत दोरा ओवायचा असतो. दुसऱ्या आजींना समोरच्या गच्चीत कोण कोणाशी बोलतं ते बघायचं असतं. दोघींनाही तेवढ्याच मनापासून काच मिळते. बाई अजूनही जांभया देतात, नाही असं नाही. पण उत्तर ऐकून झाल्यावर.

जवळचं वाचायलाही नवं कार्ड हवं होतं. एकदा बाईंनी पेटीची मखमल उचलली आणि राजीनामा बाहेर काढला. मला वाटलं, आता तारीख पडणार. पण त्यांनी तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या ओळी लिहिल्या.

परवा खुद्द मालक माझ्याखाली बसले. बाईंनी काच घातली, कार्ड हातात दिलं आणि काहीतरी आणायला वळल्या. मालकांनी ते उलट्या, राजीनाम्याच्या बाजूने धरलं होतं. त्यांनी सगळं वाचलं. मी त्यांच्या नाकावरच होते, श्वास अडकलेला मला कळला.

"नंबरबाई," ते हळूच म्हणाले, "याच्यावर तारीख नाही."

बाई वळल्या, बघितलं, लाल झाल्या. "राहूनच गेली घालायची."

"मग राहू दे." त्यांनी कार्ड सुलट केलं. "शेवटची ओळ जरा पुसट दिसतेय हो मला."

बाईंनी पुढची काच उचलली. "आता बरं, की आधीचं बरं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी थांबल्या.

मालकांनीही घाई केली नाही. "आताचं," म्हणाले.

माझे स्क्रू आता सैल झालेत, एक दांडी वाकडी आहे. पण माझा निरोप इतक्यात नाही. तुम्ही याल तेव्हा एवढंच करा. तक्ता पाठ करून येऊ नका, आणि समोर अंधार दिसला तर सांगा. इथे आता ऐकायला माणूस आहे.