आधी इंधन, मग बटण

सून शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायची, आणि सासूबाई ते चारचौघांत अशा थाटात सांगायच्या की नट-बोल्ट जणू त्यांनीच आवळलेत. घरामागच्या शेडमध्ये सध्या असंच एक इंजिनाचं धूड लोखंडी स्टँडवर घट्ट बसवलेलं होतं. त्याच्या डोक्यावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या नरड्यात हवा कोंबणारा पंपच. सुनेनं बजावलं होतं, "आई, हवं तितकं बघा, पण मी नसताना हात लावायचा नाही."

सासूबाईंना अशी ताकीद म्हणजे आमंत्रणच.

त्या दिवशी सून सुटा भाग आणायला बाहेर पडली आणि मुलगाही कामावर गेला. सासूबाईंनी लगेच हाक मारली, "अहो, जरा शेडमध्ये या. तुम्ही फक्त बाटली दाबायची."

"कसली बाटली?"

"पेट्रोलची. प्रश्न फार विचारता बाई तुम्ही!"

सासरे नाकासमोर चालणारे. बायको नाकासमोर उभी राहिली की तिच्या मागे चालणारे. त्यांनी वरच्या पंपाच्या तोंडात पेट्रोलची पिचकारी मारली, सासूबाईंनी स्टार्टर फिरवला, ठिणगीचं लाल बटण वर केलं आणि इंधनाची लिव्हर उघडली. धडाड्‌! शेडचे पत्रे थरथरले, भिंतीवर टांगलेले नट आवळायचे पाने नाचू लागले. सासूबाईंच्या अंगात वीज खेळली. चक्क सुरू झालं की!

आता बंद करायचं.

आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इंजिन बंद होताना आपण कधी पाहिलेलंच नाही. सून सुरू करायची तोवर त्या टक लावून बघायच्या, आणि आवाज चढला की कानांवर हात ठेवून घरात पळायच्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सासरे काहीतरी ओरडत होते. ऐकू काही येईना, पण चेहऱ्यावरून 'तरी मी म्हणत होतो' असंच असावं. मग ते घरात धावले आणि सोफ्यावरची उशी घेऊन आले. ती पंपाच्या त्याच तोंडात कोंबायचा त्यांचा बेत दिसताच सासूबाईंनी उशी हिसकावली आणि त्यांच्याच पाठीत हाणली. मग सुनेला व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर सुनेचे डोळे आधी बारीक झाले, मग बटाट्याएवढे. ती बोलत होती, पण त्या गदारोळात शब्द पोचेनात. मग तिनं अंगठा तोंडाशी नेऊन पाणी प्यायल्यासारखं केलं आणि दोन्ही हातांनी फुली मारली.

"पाणी पिऊ नको म्हणतेय!" सासूबाई नवऱ्याच्या कानात किंचाळल्या.

तेवढ्यात सासऱ्यांचा हात लाल बटणाकडे गेला. पडद्यावर सून ताडकन उडाली, कपाळाला हात लावून जोरजोरानं मान हलवू लागली. सासूबाईंनी नवऱ्याच्या हातावर चापटी मारली. बटण आधी नाही! मग आधी काय? पिणं बंद... कुणाचं पिणं? अगंबाई, इंजिनाचं!

त्यांनी लिव्हर मागे ओढली. पण इंजिन थांबायचं सोडून आणखी चेकाळलं. सासूबाईंची पाचावर धारण बसली. हात पुन्हा लिव्हरकडे गेला, पण पडद्यावर सून शांतपणे तळहात दाखवत होती. थांबा. जरा थांबा. नळ्यांमध्ये उरलंसुरलं होतं ते गिळून इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झालं. सुनेनं बोट खाली केलं. सासूबाईंनी बटण पाडलं.

कानांत नुसती शिट्टी वाजत होती.

थोड्याच वेळात सून धापा टाकत घरी आली. "आधी बटण पाडलं असतं ना, तर ठिणगी थांबली असती आणि इंधन आत साठत राहिलं असतं. पुन्हा फिरवताच भडका उडून वरचा पंप छताला! कळतंय का?"

सासूबाईंनी मान खाली घातली. मग सुनेनं हळूच विचारलं, "पण सुरू पहिल्या झटक्यात झालं?"

"पहिल्या!"

"माझ्याकडून तिसऱ्यात होतं," सून पुटपुटली आणि हसू दाबायला पाठ वळवून उभी राहिली.

सासऱ्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून संध्याकाळी मुलगा आला तेव्हा दोघींनी त्यांना जेवताना मध्ये बसवलं.

"आईला दिवसभर कंटाळा येत असेल," मुलगा कळवळून म्हणाला. "बाबा, तिला एखादा विरंगुळा बघायला हवा."

सासऱ्यांनी तोंड उघडलं. टेबलाखालून दोन्ही बाजूंनी एकेक लाथ बसली, आणि त्यांनी मुकाट्यानं घास घेतला.