धुरपताबाईची शिळा

धुरपताबाई आमच्या गावची सुईण. तिच्या अंगणात एक चपटी शिळा होती. बाराव्या दिवशी लेकरू तिच्याकडं न्यायचं आणि तिनं शिळेवर बसून, पाय पसरून, नडग्यांवर घेऊन त्याला न्हाऊ घालायचं, ही गावाची रीत. मी त्याच शिळेवर न्हाले, माझी लेक कमलही. आता कमलला मुलगा झाला होता आणि बाराव्याला तीन दिवस उरले होते.

नेमके तेव्हाच हैदराबादेहून जुन्या वास्तूंच्या खात्याचे साहेब चुडाव्याच्या स्टेशनावर गाडीतून उतरून आमच्या गावात आले. गावाबाहेरच्या टेकाडाला धोंड्यांचं कडं होतं, त्यात एक जागा रिकामी. साहेब धोंडा हुडकत धुरपताबाईच्या अंगणात पोचले.

"ये पत्थर वहाँ का है, अम्मा. हजारों बरस पुरानी कबर है वो."

"असंल. माझ्या सासूच्या सासूनं आणलाय."

"वापस जाएगा. सरकारी हुकूम है."

म्हातारीचा चेहरा उतरला. "मग मी लेकरं कशावर न्हाऊ घालू?"

साहेबांनी लाकडी पाट सुचवला. ती त्यांच्याकडं अशी बघत राहिली, की साहेबांनी प्यायला पाणी मागितलं.

दुपारी बैल जुंपून शिळा जागेवर नेली. शेजारी पाटी ठोकली आणि आश्रुबाला राखणदार नेमलं. आश्रुबाही धुरपताबाईच्याच हातचा.

"मावशी, पाटावर घालू की," मी म्हटलं.

"तू घाल. मी न्हाई यायची."

दुसऱ्या दिवशी मात्र ती टेकाडावर गेली. "आश्रुबा, पाटी वाच."

"धोंडे हलवू नयेत, फोडू नयेत, कोरू नयेत."

"न्हाऊ घालू नये, असं हाय का?"

"न्हाई."

"मग परवा पाणी तापवून ठिव."

बाराव्या दिवशी आम्ही लेकरू घेऊन निघालो. कमलची सासू पुटपुटली, "कबरीवर लेकरू न्यायलाय तुमी?"

"शिळा तीच हाय," धुरपताबाई म्हणाली. "तुमची सूनबी हिच्यावरच न्हालीय. भुतावानी वागती का?"

विहीणबाई जरा विचारात पडल्या. तेवढ्यावरून कमल संध्याकाळपर्यंत फुगून होती.

लेकरू नडग्यांवर आलं, पहिला तांब्या पडला, आणि मोजपट्टी घेतलेले साहेब समोर उभे. आश्रुबा ऊन पाण्याचा हंडा धरून तसाच थिजला. साहेबांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली. मग छत्री उघडली आणि वाऱ्याच्या बाजूला आडवी धरून उभे राहिले.

"हवा लगेगी बच्चे को."

"इकडं नका, ऊन अडायलंय," धुरपताबाई मान वर न करता म्हणाली. "तिकडं सरका."

साहेब सरकले.